न वाचलेल्यांची बाजू

‘आदिपुरुष’ आला त्या आठवड्यात तीर्थपुरीत वाल्मीकी रामायण वाचलेल्यांची संख्या एकदम वाढली. २०२३चा जून. पाऊस लांबलेला, पेरण्या खोळंबलेल्या, माणसं पारावर मोकळी. जो तो म्हणत होता, “आवो, मूळ रामायणात आसं काहीच नाही.” कोणत्या कांडात नाही, असं विचारलं की उत्तर तयार: “कोनत्याच नाही!” सातही कांडं तोंडपाठ असलेली इतकी माणसं गावात आहेत, हे नगरपंचायतीच्या प्रचारातसुद्धा कधी बाहेर आलं नव्हतं.

निर्मात्यांनी प्रत्येक थिएटरात एक खुर्ची मारुतीरायासाठी राखून ठेवायची घोषणा केली होती. रामकथा चालू असते तिथं तो येऊन बसतो, ही आपली जुनी श्रद्धा. खुर्ची राखली, चांगलं झालं. कथा राखली असती तर तो शेवटपर्यंत बसलाही असता.

दिग्दर्शक ओम राऊत आपलेच, ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’वाले. टीझर २०२२च्या ऑक्टोबरात आला. त्यातला रावण बघून लोक खवळले, तेव्हा जानेवारीची तारीख जूनवर ढकलून चित्रं पुन्हा रंगवली गेली. सिनेमा लागल्यावर संवादांवरून ओरड झाली, तर चालू सिनेमातले संवाद बदलले. आधी लेखक लिहितो आणि मागाहून लोक बघतात, अशी आजवरची रीत. इथं लोकांनी बघितलं आणि मग लेखक लिहायला बसला.

आता एक खुलासा, नाहीतर उद्या मला पारावरून जाता येणार नाही. रामायणाला मी मनानं रचलेली फॅन्टसी म्हणत नाही. पण उडणारा वानर, दहा तोंडांचा राजा आणि समुद्रावरचा पूल पडद्यावर आणताना दिग्दर्शकाची जी तारांबळ होते, तीच हॅरी पॉटर किंवा हॉबिट आणताना होते. लोकांनी जे मनात आधीच बघून ठेवलंय, ते त्याला डोळ्यांना दाखवायचं असतं. मनातलं चित्र फुकट असतं, आणि त्यात कधीच काही चुकलेलं नसतं. त्यापुढं शेकडो कोटींचं चित्र उभं करायचं म्हणजे हरायची तयारी ठेवूनच मैदानात उतरायचं.

तर लाडक्या अद्भुत गोष्टीवरचा सिनेमा मूळ पुस्तकाला किती धरून असावा? या वादावर इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलंय. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या आमच्या घनसावंगी तालुक्यात सुटून साडेतीनशे वर्षं झाली.

तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल १६०८. धुळ्याला श्री समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जन्मभर फिरून समर्थ संप्रदायाची जी बाडं गोळा केली, ती तिथं ठेवलेली आहेत. त्यात एक वाल्मीकी रामायण आहे, समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं. संस्कृत, मुळाबरहुकूम उतरवलेलं. ‘माझ्या मते इथं सीतेनं असं म्हणायला पाहिजे होतं’ वगैरे काही नाही. नक्कल म्हणजे नक्कल.

आणि याच समर्थांनी मराठीत स्वतःचं रामायण रचलं तेव्हा काय केलं? सुंदरकांड घेतलं, युद्धकांड घेतलं. बालकांड, अयोध्याकांड, अरण्यकांड यांना रामराम. स्वयंवर नाही, कैकेयी नाही, सोन्याचं हरीण नाही. मारुतीची झेप आणि लंकेची लढाई, बस्स. आजच्या ओटीटीच्या भाषेत सांगायचं तर पहिले सीझन गाळले आणि थेट शेवटच्या लढाईला हात घातला. त्यांना जे सांगायचं होतं त्याला तेवढंच लागत होतं. जांबेत कोणी मोर्चा काढल्याची नोंद नाही.

गोदावरीनं थोडं वर जा. पैठणला एकनाथ. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी कडक समज दिली, की कोणी यात आपली ओवी घुसडू नये. एका शब्दाची ढवळाढवळ खपणार नाही. हेच नाथ पुढं भावार्थ रामायणाला बसले तेव्हा वाल्मीकींच्या कथेला त्यांनी मराठी अंगण दिलं. रावणाच्या सभेतला मारुती नाथांनी असा रंगवलाय, की कीर्तनात तो प्रसंग निघाला म्हणजे अजून मंडप हसतो.

म्हणजे दोघांनीही दोन्ही कामं केली, आणि एका कामाचा हात दुसऱ्या कामाला लावला नाही. प्रत करायची तेव्हा काना-मात्रा हलू दिली नाही. रचना करायची तेव्हा आज्ञा मागत बसले नाहीत. आजचा सिनेमावाला प्रत करतो म्हणून जाहिरात देतो, रचना करतो म्हणून मुलाखत देतो, आणि पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही.

नाथांची आणखी एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. भावार्थ रामायण पुरं व्हायच्या आत, युद्धकांडाचे ४४ अध्याय झाल्यावर, नाथ गेले. उरलेलं त्यांच्या गावबा नावाच्या शिष्यानं पुरं केलं. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी राहिलेला आणि लोकांनी वेडगळात काढलेला, अशी आख्यायिका आहे. पण जोड कुठं आहे ते सांगितल्याशिवाय मला तरी कळलं नसतं. पलीकडं अमेरिकेत बघा. जॉर्ज मार्टिन यांची कादंबरीमाला अर्धी असतानाच ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले पुढं निघून गेले. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११चा, सहावा अजून यायचाय, आणि मालिका २०१९ला संपलीसुद्धा. शेवटचा सीझन पुन्हा काढा, अशा अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. पैसा होता, ड्रॅगन होते, सगळं होतं. गावबा नव्हता.

‘आदिपुरुष’कडं परत येतो, कारण त्याच्यावरचा आरोप लोकांनी चुकीचा ठेवला असं माझं मत आहे. लोक म्हणाले, देवाच्या तोंडी टपोरी भाषा घातली. अहो, बाजारातल्या भाषेचा विटाळ आपल्याला कधीपासून? नाथांची भारुडं कोणत्या राजदरबारातल्या भाषेत आहेत? खरा गुन्हा वेगळा आहे आणि त्याला किष्किंधाकांडातला पुरावा आहे. राम आणि हनुमान पहिल्यांदा भेटतात तेव्हा राम लक्ष्मणाला त्याची ताकद दाखवत नाही, शेपूट दाखवत नाही. त्याचं बोलणं दाखवतो. हा व्याकरण शिकलेला दिसतो, एवढं बोलला पण एक शब्द चुकीचा गेला नाही, अशा अर्थाचं बोलतो. वाल्मीकींनी ज्याची पहिली ओळख वाणीनं करून दिली, त्याच्याच वाणीची सिनेमानं वाट लावली. रावणाच्या केसांची पद्धत कशीही ठेवली असती तरी चाललं असतं.

कारण दिसण्याच्या बाबतीत मराठी प्रेक्षक फार उदार. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम केला, आणि सीताही त्यांनीच केली. एकच माणूस, दोन्ही भूमिका. तरी राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढायचे, असं सांगतात. आजच्या कोणत्या स्पेशल इफेक्टनं एवढं करून दाखवलंय?

मग धरून ठेवायचं ते नक्की काय? प्रत्येक अद्भुत गोष्टीला तिचा एक कायदा असतो. इथं काय घडू शकतं, त्याची किंमत काय, आणि ती कोण भरतो. घटना गाळा, पात्रं वगळा, गाव बदला. कायदा मोडला की गोष्ट मेली.

‘विझार्ड ऑफ ऑझ’ घ्या. फ्रँक बाउम यांच्या १९००च्या पुस्तकात डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. १९३९च्या सिनेमात ते माणकासारखे लाल झाले, कारण रंगीत सिनेमाचं नवं तंत्र आलेलं आणि चांदी त्यात काय उठून दिसणार? त्याला माझी काही हरकत नाही. पण पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे, पोरगी खरोखर तिथं जाऊन येते. सिनेमात शेवटी सगळं स्वप्न निघालं. हा सिनेमा जगभर थोर मानतात, मानोत. जोड्यांना मी माफ केलं, स्वप्नाला नाही. लहान मुलाला दोन तास जादू खरी म्हणून दाखवायची आणि मग ‘जा, झोप’ म्हणायचं, ही फसवणूक आहे.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’चंही तेच. त्यांनी मुद्दाम नायक तांबूस-सावळ्या कातडीचा केला, त्या जगातली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी ठेवली. २००४च्या टीव्ही मालिकेत नायक गोरा. नाव तेच, बेट तेच, जादूची शाळा तीच. लेखिकेनं जाहीर लेख लिहून संताप व्यक्त केला. वरवर इमान आणि आतून बेइमानी कशी करावी, याचा तो नमुना.

आता आपल्या घरचा उलटा नमुना, ‘तुंबाड’. यावर जरा थांबू, कारण हे प्रकरण पोलीस पंचनाम्यासारखं गुंतलेलं आहे.

स्टीफन किंग यांनी ‘ग्रॅमा’ नावाची कथा लिहिली. अंथरुणाला खिळलेली भयंकर आजी, आणि तिच्यासोबत घरात एकटं राहिलेलं पोर. नारायण धारपांनी त्यावरून मराठीत ‘आजी’ केली. धारप या कामातले उस्ताद. किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ केली, ‘इट’वरून ‘शपथ’ केली. अमेरिकेतली भुतं मराठी घरात अशी बसवली, की ती कधी परदेशी होती हे वाचकाच्या डोक्यातही येऊ नये. (आमच्या तालुक्यात समर्थ म्हटलं की जांबेचे समर्थ, फार तर त्यांच्या नावाचा साखर कारखाना. धारपांच्या वाचकाला मात्र तिसरेच समर्थ आठवतात, भुताखेतांचा बंदोबस्त करणारे.) पुढं राही अनिल बर्वे यांना एका मित्रानं धारपांची गोष्ट तोंडी सांगितली. ती डोक्यात घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं पटकथा घासली, चित्रीकरण केलं, मोडलं, पुन्हा केलं, आणि १२ ऑक्टोबर २०१८ला ‘तुंबाड’ थिएटरात आला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७च्या दोन खंडी कादंबरीवरून. त्या कादंबरीत खोतांच्या चार पिढ्या आहेत, कोकण आहे, जगबुडी नदी आहे. सिनेमातलं मुख्य दैवत हस्तर नाही. सिनेमा बघून कोणी ते दोन खंड विकत घेतले असतील आणि हस्तर कोणत्या पानावर येतो म्हणून शोधत बसले असतील, तर त्यांच्या हातून चुकून मराठीतली एक मोठी कादंबरी वाचून झाली असेल. एवढा फायदा कोणत्याही ग्रंथोत्सवानं करून दाखवलेला नाही.

हिशेब मांडा. कथा अमेरिकेची, तिचं मराठी रूप पुण्याच्या धारपांचं, नाव दापोली-खेडकडच्या कादंबरीचं, आणि भाषा हिंदी. इमानदारीच्या कोणत्याही परीक्षेत हा सिनेमा नापास. तरीही मराठी वाचकाला तो आपला वाटला. का?

कारण त्याचा कायदा पक्का आहे. हस्तराला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. तो जन्माचा उपाशी. कणकेची बाहुली टाका, तो खायला धावतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटीतली मोहर ओढा. पिठाचं रिंगण ओलांडलं की संपलात. पहिल्यापासून शेवटपर्यंत हा नियम कुठं सैल पडत नाही. बापलेक जास्त हाव करून एकदम बऱ्याच बाहुल्या घेऊन उतरतात तेव्हा जे होतं, ते त्याच नियमानं होतं. धारपांच्या कथेतली घरातल्याच म्हातारीची भीती तर आहेच. आपल्याच रक्तातलं काहीतरी अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवलंय ही जी मराठी वाड्यातली भीती, ती बर्वे यांनी सोडली नाही. बाकी सगळं टाकून दिलं. सप्टेंबर २०२४मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. नव्या सिनेमांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण लाज वाटायला आधी सिनेमा बघावा लागतो.

आमच्याकडं उसाची साखर होताना लोक बघतात. शंभर किलो ऊस गाळला की साखर दहा-अकरा किलो. उसाला पेरं होती, साखरेला कुठं आहेत, असं भांडायला कारखान्यावर कोणी जात नाही. भांडण होतं ते काट्यावर आणि उताऱ्यावर. कादंबरीचंही तसंच. टोल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हजाराहून जास्त पानं पीटर जॅक्सन यांनी तीन सिनेमांत गाळली. त्यात टॉम बॉम्बॅडिल नावाचा गाणं म्हणत हिंडणारा म्हातारा चिपाडात गेला. चाहते अजून हळहळतात, मला त्याची आठवणही आली नाही. पण त्याच टोल्किन यांचं ‘हॉबिट’ हे तीनेकशे पानांचं मुलांचं पुस्तक, त्याचेही २०१२, १३ आणि १४ असे तीन सिनेमे निघाले. एका मोळीतून तीन पोती साखर निघाली तर आमच्याकडं आधी पाण्याची चौकशी होईल.

फास्टर फेणेबद्दल थोडं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनातला शाळकरी पोरगा. आदित्य सरपोतदार यांच्या २०१७च्या सिनेमात तो वाढून अमेय वाघ झाला आणि मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात शिरला. जुने वाचक नाराज झाले. मला वाटतं, वय गेलं तरी खोड गेली नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही, तेवढं सिनेमानं जपलं. शिवाय भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं गोष्टीत बसवून टाकलं. लेखकच पडद्यावर मायेनं बोलतोय म्हटल्यावर फिर्याद कोणाच्या नावानं लावायची? चलाखी म्हणतात ती ही.

‘चंद्रकांता’ची कथा याहून गमतीची. देवकीनंदन खत्री यांची १८८८ची कादंबरी. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असं सांगतात. १९९४ला दूरदर्शनवर मालिका आली आणि रविवारी सकाळी, वीज असेल तर, अख्खा मराठवाडा खलनायक क्रूरसिंगाच्या भुवया बघायला बसायचा. मालिकेनं मुळात नसलेली इतकी माणसं आत घेतली, की खत्री यांना आपली गोष्ट ओळखू आली नसती. आमच्याकडं कोणाचीच तक्रार नव्हती, कारण हिच्यामागं पुस्तक आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

आणि माझं खरं म्हणणं इथं सुरू होतं.

२०२२च्या ऑगस्टमध्ये जांबच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळा तालुका हादरला. ऑक्टोबरात चोर सापडले, मूर्ती मिळाल्या. मधल्या काळात गाभाऱ्यात जे रिकामपण होतं, ते खरं नुकसान. पुस्तकाचं असं होत नाही. सिनेमा कितीही भिकार काढा, कपाटातल्या पुस्तकाचं एक पानही चोरीला जात नाही. ज्यानं पुस्तक वाचलंय तो घरी जाऊन पुन्हा वाचू शकतो. त्याचं काहीच गेलेलं नाही. तरी सगळ्यात मोठा गळा त्याचाच.

जातं ते न वाचलेल्याचं. हॅरी पॉटर मराठीत आहे, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं सुरू होतो. टोल्किन मराठीत आहेत, मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ केला. तीर्थपुरीतल्या आठवीतल्या पोराच्या हाती यातलं काय येतं? मोबाइल येतो, त्यावर हिंदी डबिंग येतं. त्याच्यासाठी सिनेमा हेच पुस्तक. पुढं कधी मूळ वाचीन तेव्हा तुलना करीन, ही चैन त्याला नाही. त्याला पहिल्यांदाच नासकं दिलं तर जन्मभर तो म्हणणार, काय त्या हॉबिटमध्ये एवढं, मी बघितलाय. म्हणून पुस्तकाला धरून राहा, असं सिनेमावाल्याला दरडावून सांगायचा पहिला हक्क पुस्तक न वाचलेल्याचा. वाचलेल्यांनी जरा मागच्या रांगेत बसावं.

आणि हा न वाचलेला काही भोळा नसतो. बॉम्बॅडिल कुठं गेला हे तो विचारत नाही, त्याला बॉम्बॅडिल माहीतच नाही. तो कायद्यावर बोट ठेवतो. शेजारच्या एका आठवीतल्या पोरानं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही सिनेमे मोबाइलवर बघून मला पहिला प्रश्न केला तो असा: “काका, शेवटी गरुडच आणायला आले ना, मंग आंगठी टाकायला गरुडावर बसून कामून गेले नाहीत?” जगभरचे चाहते या एका प्रश्नावर वीस-पंचवीस वर्षं डोकं फोडतायत. खुद्द टोल्किन यांना ही धास्ती आधीपासून होती. १९५८ साली त्यांच्यापुढं एक पटकथा आली होती, तिच्यात कोणालाही उचलायला ऊठसूट गरुड बोलावले होते. टोल्किन यांनी पत्र लिहून झापलं, की गरुड ही धोक्याची युक्ती आहे, मी ती मोजकीच वापरलीय. वाटेत खायच्या एल्फांच्या भाकरीला त्या पटकथेत कसलासा अर्कबिर्क म्हटलं होतं, त्यावरही ते चिडले. ऑक्सफर्डचा प्रोफेसर आणि आमचा आठवीतला पोरगा यांची हरकत एकच निघाली. दोघांच्या मधले जे पदवीधर चाहते आहेत, ते दाढीची लांबी मोजत बसलेत.

तेव्हा सिनेमावाल्यांना एवढंच सांगणं, की पात्रं गाळा, गाणी घाला, पोराला तरुण करा, जोडे लाल करा, आमची ना नाही. गोष्टीचा कायदा समजून घेतल्याशिवाय मात्र कॅमेऱ्याला हात लावू नका. आणि कायदा समजायला पुस्तक वाचावं लागतं. ‘बेस्टसेलरवर आधारित’ असं पोस्टरवर छापणाऱ्या किती जणांनी ते बेस्टसेलर संपवलेलं असतं, हा प्रश्न मी पारावरच्या वाल्मीकी-पंडितांपुरता ठेवणार होतो, पण निर्मात्यांनाही लागू पडतो.

दुसरं सांगणं घराजवळचं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७पासून आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे. खेड्यापाड्यांतल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांत कपाटं असतात, कपाटांना कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडं असते ते शेतात गेलेले असतात. जालना जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या चिटणीसांना हात जोडून विनंती: पुढच्या खरेदीत स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यासोबत धारपांची चार पुस्तकं घ्या, फास्टर फेणे घ्या, मराठीतला पॉटर घ्या, आणि नाथांचं भावार्थ रामायण देवघरात न ठेवता पोरांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा.

घाई अशासाठी, की नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’चा पहिला भाग २०२६च्या दिवाळीला आणायचं निर्मात्यांनी जाहीर केलंय. खर्च म्हणे ‘आदिपुरुष’हून कितीतरी जास्त. वाचकहो, तोवर निदान किष्किंधाकांडाचा तिसरा सर्ग तेवढा वाचून ठेवा. मारुती पडद्यावर तोंड उघडेल तेव्हा तुम्हाला माहीत असायला पाहिजे.